दिवा विझेना
"आई, डबा म्हातारा झालाय. भंगारवाला दारात उभा आहे," मुलगा म्हणाला. कॉम्प्युटर सुरू होऊन तास लोटला तरी हार्ड डिस्कचा लाल दिवा लुकलुकतच होता आणि घरघर थांबत नव्हती. आईनं पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असेच दिवे वाचले होते. "दिवा विझत नाही म्हणजे कुणीतरी लाइन अडवून बसलंय," म्हणत तिनं चष्मा चढवला आणि डिस्क कोण वापरतंय त्याची यादी उघडली. वरच्या तिन्ही ओळींत अँटीव्हायरस! एक मुलानं टाकलेला, एक लेकीनं, एक जावयानं. आईच्या काळजीपोटी, एकमेकांना न विचारता. तिघे पहारेकरी एकमेकांचीच झडती घेत होते. आईनं दोघांना नारळ दिला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. दिवा मिनिटभर लुकलुकला आणि विझला. "भंगारवाल्याला सांग," आईनं फर्मावलं, "डबा म्हातारा नाही, तुमच्या पहाऱ्यानं दमला होता."