याश ते बोलोन्या

याशजवळच्या गावी ईस्टरच्या जेवणाला नुकती सुरुवात झाली होती, तोच रोदिकाचा फोन वाजला. पडद्यावर बोलोन्याच्या ओर्नेल्लाबाई. त्यांच्या मागे रोदिकाच्या बदलीवर आलेली बाई, हातात चमचा घेऊन उभी.

"कालपासून तोंडच उघडत नाहीत," ती म्हणाली. "तुमच्या नावाचा धोशा लावलाय नुसता."

रोदिकाने ताट बाजूला सारलं आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. "काय गं बाय माझी, रुसलीस होय? आ कर बघू. एवढा एकच घास."

समोर बसलेल्या लेकीच्या, स्मरांदाच्या हातातला पाव हातातच राहिला. टीव्ही बघून तिला इटालियन समजायचं, थोडंफार बोलताही यायचं, पण हा सूर तिला भाषेवाचूनही कळला असता. लहानपणी गोवर निघाला होता, तेव्हा आई उशाशी बसून अशीच बोलायची. पुढे आई तिकडे म्हाताऱ्यांचं करायला गेली, त्याला अकरा वर्षं झाली.

रोदिका तिच्याकडे वळली. "मला उद्याच निघावं लागेल गं."

"आठवडाभर राहणार होतीस."

"नव्वदीची बाई आहे, काही झालं म्हणजे? आणि याशहून बोलोन्या काय लांब आहे का? विमानात बसलं की दोन तास."

"मी बाळंत झाले तेव्हाही दोनच तास होते, आई."

"तेव्हा तिला कुणाच्या भरवशावर सोडणार होते?"

"आणि मला?"

पाळण्यातलं बाळ चुळबुळलं, तशी रोदिका उचलायला वाकली. परक्या हाताने बाळ घाबरलं, रडायला लागलं. तिने ते मुकाट्याने स्मरांदाच्या मांडीवर दिलं आणि बॅग भरायला आत गेली.

स्मरांदाने फोन पुढ्यात ओढला. या बाईला काय काय सुनवायचं, ते तिने कितीदा मनात घोळवलं होतं. पण पडद्यावर चिमणीएवढी म्हातारी होती, आणि तिच्या खांद्यावर होती राखाडी शाल. स्मरांदाने स्वतःच्या हाताने विणून आईला पाठवलेली.

स्मरांदाने शालीवर डोळे रोखले. म्हातारीही तिच्याकडे काही बऱ्या नजरेने बघत नव्हती.

"तू तिची मुलगी," म्हातारी म्हणाली. "तू आता तिला ठेवून घेणार."

"उद्या येतेय ती."

"कुठे आहे गं तुमचं ते गाव?"

"याशजवळ. विमानाने दोन तास."

म्हातारीने शाल गळ्याशी घट्ट आवळून धरली. "दोन तास," ती पुटपुटली. "इतक्या लांब."

स्मरांदा तिच्याकडे बघत राहिली. असं तिला आजवर कुणीच म्हटलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "फार लांब आहे."