तळघरातला आठवा डाव

"एप्रिलमध्ये सगळेच वाघ असतात," डुएन म्हणाला. "जुलै येऊ दे, मग बघू तुमच्या त्या पोराचा खांदा."

"तुमच्या म्हाताऱ्याचा खांदा तर आत्ताच करकरतोय," ग्लेन म्हणाला. "इथपर्यंत ऐकू येतंय."

दोघे तळघरात बटाट्यांच्या पोत्यांवर बसले होते. मध्ये उलट्या बादलीवर ट्रान्झिस्टर. टोर्नाडो डोक्यावरून गेल्याला पाऊण तास झाला होता. जाता जाता त्याने परसातलं अक्रोडाचं झाड तळघराच्या दारावर आडवं केलं होतं. दोघांनी खांदे सोलवटेपर्यंत धक्के मारले, दार तसूभर हललं नाही. गावचं रेडिओ स्टेशन वादळाबरोबरच मुकं झालं होतं. लागत होतं ते एकच, सेंट लुईसचं, आणि त्यावर बेसबॉलची मॅच चालू होती. तिकडे शिकागोच्या मैदानावर म्हणे लख्ख ऊन होतं.

मार्वा शाळेची बस चालवायची. ग्लेनची बायको, डुएनची धाकटी बहीण. शेवटचं पोर उतरवून ती रोज सव्वातीनला घरी यायची. आता चार वाजत आले होते, आणि वादळ गेलं होतं ते तिच्याच रस्त्याने. हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून तर दोघे पिचरांबद्दल, चेंडू फेकणाऱ्या गड्यांबद्दल बोलत होते.

इलिनॉयच्या त्या भागात अर्धी घरं सेंट लुईसची आणि अर्धी शिकागोची. लग्नं मात्र एकमेकांतच होतात, त्याला इलाज नाही. ग्लेन सेंट लुईसचा, डुएन शिकागोचा. गेली वीस वर्षं एकमेकांची खोडी काढल्याशिवाय दोघांना जेवण पचलेलं नव्हतं.

आणि आज नेमकं सेंट लुईसचं ते बावीस वर्षांचं पोर, रायनहार्ट, असं काही फेकत होतं की सात डाव झाले तरी शिकागोच्या एकाही गड्याला धड फटका मारता आला नव्हता. नऊच्या नऊ डाव असे गेले की त्याला नो-हिटर म्हणतात. नशीब असेल तर माणसाला जन्मात असा एखादा ऐकायला मिळतो. पण तो चालू असताना तो शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. काढला की मोडला. चांगली शहाणीसुरती माणसंही हे पाळतात. रेडिओवरचा निवेदकसुद्धा मघापासून आडून आडून बोलत होता.

नऊ वर्षांपूर्वी अशाच एका मॅचला डुएनने मुद्दाम तो शब्द ओरडून म्हटला होता. पुढच्याच चेंडूवर फटका बसला. ग्लेनने कित्येक महिने त्याला घराची पायरी चढू दिली नाही. शेवटी नाताळात मार्वानेच दोघांचे कान धरून त्यांना एका टेबलाशी बसवलं.

आज मात्र डुएन टोमणे मारत होता, तो शब्द तेवढा काढत नव्हता. ग्लेनला वाटलं, बहिणीच्या काळजीने गडी मवाळ झालाय.

आठवा डाव सुरू झाला. शिकागोच्या पहिल्याच गड्याने चेंडू उंच उडवला. मैदान उभं राहिलं. चेंडू अगदी भिंतीपाशी झेलला गेला. डुएनने मोठा श्वास सोडला.

"हुकलं रे तुमचं," ग्लेन म्हणाला.

डुएनने ट्रान्झिस्टरचा आवाज वाढवला.

तेवढ्यात निवेदक थांबला. कागद चाळल्याचा आवाज आला. मध्य इलिनॉयमधून बातमी आली होती. वादळाने सात-आठ घरं उडाली आहेत. ओढ्याजवळच्या रस्त्यालगत शाळेची एक रिकामी बस उलटून पडलेली दिसली आहे. चालकाचा पत्ता लागलेला नाही. एवढं वाचून तो पुन्हा मॅचकडे वळला.

ग्लेन उठला. त्याने दाराला खांदा लावला. एकदा, दोनदा, तीनदा. मग तो कपाळ दारावर टेकून उभा राहिला. असं हात बांधून बसण्यापेक्षा मरण बरं, असं त्याला वाटलं. देवाला काही द्यावं म्हटलं तर त्या अंधाऱ्या तळघरात बटाट्यांशिवाय होतं काय?

एक गोष्ट होती. त्याने डोक्यावरची सेंट लुईसची लाल टोपी काढली आणि छताकडे बघत तो मोठ्याने म्हणाला, "नो-हिटर चाललाय. ऐकलंस ना? रायनहार्टचा नो-हिटर चाललाय. हा घे, आणि तिला सोड."

"ग्लेन!" डुएन ओरडला. "गप! एक शब्द बोलू नकोस!" तो धावला आणि त्याने ग्लेनच्या तोंडावर हात दाबला.

ट्रान्झिस्टरमधून बॅटचा खणखणीत आवाज आला. निवेदक कळवळला. चेंडू डावीकडे मोकळ्या गवतावर पडला होता. शिकागोचं सगळं मैदान नाचायला लागलं.

ग्लेनने डुएनचा हात बाजूला केला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण तासाभरात पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला होता.

"घेतलं त्याने," तो म्हणाला. "डुएन, घेतलं बघ त्याने. आता येईल ती. आणि तुमचाही फटका बसला, अजून काय पाहिजे तुला?"

डुएन मटकन पोत्यावर बसला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. शिकागोची निळी टोपी त्याने मुठीत चुरगाळली होती.

"मी पाचव्या डावातच नवस बोललो होतो, ग्लेन," तो म्हणाला. "मार्वाला घरी आण, त्या बदल्यात तुमच्या पोराला नऊच्या नऊ डाव बिनफटक्याचे दिले."