ज्योतीतलं पाणी

आग विझवायच्या नळकांड्यांवरच्या तारखा तपासून झाल्या होत्या. आता इथून काढता पाय घ्यावा म्हणून बंबवाला प्रयोगशाळेच्या दाराकडे वळला, तेवढ्यात वहिनीने हाक मारली.

"भावोजी, थांबा जरा. एक हात कमी पडतोय."

वहिनी या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. टेबलाभोवती मुली दाटीवाटीने उभ्या होत्या. बाटलीत जस्ताच्या तुकड्यांवर आम्ल फसफसत होतं आणि निघालेला हायड्रोजन पूड भरलेल्या एका आडव्या नळीतून बारीक तोटीपर्यंत येत होता. वहिनीने तो आधी एका परीक्षानळीत धरून पेटवून पाहिला. फट् आवाज झाला. मुली खुदकन हसल्या. बंबवाला मात्र दोन पावलं मागे सरला.

गोदामाच्या आगीत उजवा हात भाजल्यापासून त्याने ज्योत म्हणून जवळून पाहिली नव्हती. घरी शेगडी पेटली की तो गॅलरीत जाऊन उभा राहायचा. चहा तिथंच यायचा. साहेबांनी त्याला तपासणीच्या कामावर घातलं होतं. बंबावर परत चढणार की कायमची खुर्ची धरणार, ते त्यांना उद्या सांगायचं होतं. वहिनीला हे सगळं ठाऊक होतं. टेबलाभोवती एवढे हात असताना तिला नेमका त्याचाच का हवा, हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता.

पुन्हा एकदा परीक्षानळीतला वायू पेटवला तेव्हा आवाज मऊ आला. "आता शुद्ध आहे, हवा मिसळलेली नाही," म्हणत वहिनीने तोटीला काडी लावली. ज्योत इतकी फिकी होती, की आहे की नाही असं वाटावं. तिने थंड पाण्याने भरलेला गोल काचेचा चंबू बाहेरून खसखसून पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"मानेला धरा. बूड ज्योतीवर."

"वहिनी, एखाद्या मुलीला..."

"तुम्ही धरा."

मुली वाट बघत होत्या. त्याने श्वास रोखला आणि चंबू पुढे केला.

काच अंधुक झाली. मग त्या अंधुकपणात बारीक टिपके उमटले, टिपके एकमेकांत मिसळले, आणि चंबूच्या बुडाशी एक टपोरा थेंब लोंबायला लागला.

"बाई, आतलं पाणी झिरपलं," एक चष्मेवाली म्हणाली.

"काच झिरपते का गं?"

"मग आम्लाची वाफ असेल."

"म्हणून तर वाटेत ही नळी ठेवली. हिच्यातली पूड वायूतला सगळा ओलावा शोषून घेते. तोटीशी येतो तो कोरडा ठणठणीत."

"मग हे पाणी आलं कुठून?"

"ज्योतीतून," वहिनी म्हणाली. "हायड्रोजन स्वतः पेटतो. हवेतला ऑक्सिजन दुसऱ्याला पेटायला लावतो. दोघं जुळले, की दोघांचाही मूळ स्वभाव उरत नाही. पाणी होतं."

चष्मेवाली विचारात पडली. मग तिने बंबवाल्याच्या गणवेशाकडे पाहिलं. "म्हणजे काका आगीवर मारतात ते पाणी आधीच जळून झालंय?"

"जळून झालंय. म्हणून तर ते परत पेटत नाही."

बंबवाला त्या थेंबाकडे बघत राहिला. उभं आयुष्य त्याने आग एका बाजूला आणि पाणी दुसऱ्या बाजूला असंच मानलं होतं. पाण्याचे झोत मारले होते, चिखलात घोटे बुडेपर्यंत उभा राहिला होता. ते पाणी मुळात काय आहे, हे कधी मनातही आलं नव्हतं. ज्योत त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर होती, आणि तो तिच्यावर वाकून तिचं पाणी बघत होता.

त्याने चंबू डाव्या हातात घेऊन जरासा बाजूला केला आणि भाजलेला उजवा तळवा खाली धरला. थेंब सुटला. सुरकुतलेल्या, चकचकीत कातडीवर टपकला आणि तिथंच थरथरत राहिला.

"कोमट आहे," तो हळूच म्हणाला.

तास संपल्याची घंटा झाली. ज्योत विझवायला वहिनीने हात पुढे केला. बंबवाल्याने चंबू परत ज्योतीवर धरला होता.

"राहू दे वहिनी," तो म्हणाला, "आणखी एक धरतोय."