टीलबाईंचं धुराडं

गोसलारच्या टीलबाई एकट्याच राहायच्या. त्यांचं धुराडं झाडायला हेनिंग वर्षातून एकदा यायचा. छपरावर चढण्याआधी तो तळघरात उतरून धुराड्याची लोखंडी झडप उघडायचा आणि आत आरसा धरायचा. त्यात वरच्या आभाळाचा लहानसा चौकोन दिसे.

आज त्याने आरसा धरला, तर त्या चौकोनातून कोणीतरी खाली वाकून बघत होतं. डोक्यावर हेनिंगसारखीच उंच काळी टोपी होती.

"टीलबाई, खालची दारं लावलीत ना?" वरून हाक आली. आवाज हेनिंगचाच होता.

काजळी घरभर उडू नये म्हणून तो दरवर्षी हेच विचारायचा.

"लावते हो!" बाईंनी तळघराच्या दाराला कडी घातली.

"बाई, मी आत आहे!" हेनिंग ओरडला, तोच काजळीचा लोट अंगावर आला आणि त्याचा आवाजच बसला.

थोड्या वेळाने अंगणातून बाईंचं हसू ऐकू आलं. "थांब की जरा! धुराडं झाडणाऱ्याच्या बटणाला हात लावल्याशिवाय माझं वर्ष सुखाचं कसं जायचं?"

हेनिंगने छाती चाचपली. सोनेरी बटणाच्या जागी नुसता दोरा लोंबत होता. तो दारावर मुठी आपटू लागला.

"अगंबाई, आज धुराडं किती घुमतंय!"

"घुमणारच," बाहेरून हेनिंगचाच आवाज आला. "भेग पडलीय. विषारी धूर तळघरात उतरतोय. मी पुढच्या वर्षी येईपर्यंत ते दार अजिबात उघडू नका."

"नाही रे बाबा उघडत," बाई म्हणाल्या. "तुझं ऐकते म्हणून तर अजून जिवंत आहे."