चौदावं गाणं

“खऱ्या आवाजाला काळ कधीच गाडू शकत नाही,” गार्लंड व्हिटलोनं गाण्यांच्या संग्रहासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेचं पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं.

“मग पंचावन्न वर्षं काय करत होता तो?” व्हर्लीनबाईंनी विचारलं आणि पुढची शेंग सोलायला घेतली.

मेम्फिसच्या दक्षिणेकडच्या त्या स्वयंपाकघरात टेबलावर शेंगांचा ढीग होता. ढिगाशेजारी गार्लंडचा लॅपटॉप आणि सहीचा कागद. भिंतीवर चर्चचं कॅलेंडर. त्यावर तिथले पाद्री रेव्हरंड एझेल मेब्रींचा हसरा फोटो, बाराही महिने तोच.

व्हर्लीन टेट्स एके काळी सोल संगीत गायच्या. तेरा गाणी निघाली, एकही गाजलं नाही. १९६७च्या ईस्टरला तरुण रेव्हरंड मेब्रींनी त्यांना भर चर्चमध्ये पुढे बोलावलं आणि असली सैतानी गाणी कायमची सोडायची शपथ घ्यायला लावली. बाईंनी शपथ घेतली आणि पाळली. एवढी एकच गोष्ट या प्रकरणात ठरल्याप्रमाणे झाली.

गार्लंड नऊ वर्षं त्यांच्या गाण्यांचा संग्रह काढायच्या मागे होता. रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं होतं, न गाजलेली तेरा गाणी दुसऱ्यांदा कोण घेणार? एखादं कधीच न ऐकलेलं आण. मग एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर त्याला टेपचा डबा सापडला. वर पेन्सिलीनं लिहिलेलं : व्हर्लीन टेट्स, फेब्रुवारी १९६७.

फोनवर हे सांगितलं तेव्हा बाईंनी डब्यावरची तारीख त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली होती. शपथेच्या आधीचं ते शेवटचं गाणं. त्याच जानेवारीत गेलेल्या थोरल्या बहिणीसाठी एकदाच, एका दमात गायलेलं. स्वतः त्यांनीही ते पुन्हा कधी ऐकलं नव्हतं. “तेवढं एक ऐकव,” त्या शेवटी म्हणाल्या होत्या, “मग म्हणशील तिथं सही करते.”

आधीची तेरा गाणी त्यांनी शेंगा सोलतच ऐकली. “इथं ड्रमवाला प्यायलाय,” त्या म्हणाल्या. “इथं स्टुडिओचा मालक.”

गार्लंडनं चौदावं लावलं.

आवाज उंच होता, तलम होता, आणि कुणाच्या तरी पाया पडत होता. ‘कडी लावू नकोस, उशीर होईल मला.’ बाईंचे हात थांबले. चेहऱ्यावरचा रंग उतरला. गार्लंडला भरून आलं. त्यानं हलकेच प्रस्तावनेतली ओळ वाचली, “ही वेदना फक्त बहीण गमावलेली बाईच गाऊ शकते.”

“गप. परत लाव.”

त्यानं परत लावलं.

“ही मी नाही,” व्हर्लीनबाई म्हणाल्या.

“मिस व्हर्लीन, डब्यावर तुमचं नाव आहे.”

“डब्यावर आहे. अरे पोरा, टेप महाग असायची. एकीचं गाणं चालायचं नाही असं दिसलं, की त्याच टेपवर दुसरीचं घ्यायचे. डबा कशाला बदलतायत!”

हे गार्लंडला माहीत होतं. त्यावर त्यानं एक अभ्यासपूर्ण लेखही लिहिला होता.

“मग ही कोण बाई?” त्यानं विचारलं.

“उंच सुरावर चढायच्या आधी ऐक. नाकातून ‘हं’ येतं बघ.”

त्यानं तिसऱ्यांदा लावलं. हं. आणि मग सूर. बाईंनी हातातल्या शेंगेनं भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं.

गार्लंड त्याच चर्चमध्ये लहानाचा मोठा झाला होता. प्रत्येक ‘आमेन’च्या आधीचं ते ‘हं’ त्यानं आईच्या मांडीवर बसून ऐकलं होतं. तो फोटोकडे बघत राहिला. फोटो हसत राहिला.

“रेव्हरंड? बाईच्या आवाजात?”

“मला शपथ घातली ईस्टरला,” बाई सावकाश म्हणाल्या. “ईस्टरपर्यंत टेपवर मी होते. मालकानं ईस्टर झाल्यावर ऐकवायचं कबूल केलं होतं, शपथेमुळे मीच गेले नाही. म्हणजे हा त्यानंतर तिथं गायला गेला.”

बाईंनी कॅलेंडरवरची नजर लॅपटॉपकडे वळवली.

“माझं गाणं खाली असेल ना रे? याच्या खाली?”

“होतं.”

“खरवडून नाही निघत?”

“नाही, मिस व्हर्लीन.”

बाईंनी मान हलवली. मग कितीतरी वेळ रिकाम्या शेंगेवरून अंगठा फिरवत बसल्या.

गार्लंडनं लॅपटॉप मिटला. “काढून टाकतो मी हे. कंपनी नको म्हणेल, म्हणू दे. नऊ वर्षं गेली तर गेली. नाहीतर खरं नाव घालतो, आणि काय व्हायचं ते होऊ दे.”

व्हर्लीनबाईंनी एप्रनला हात पुसले, कागद ओढला आणि सही केली.

“गाणं राहू दे,” त्या म्हणाल्या. “नाव माझंच राहू दे. टेप माझी होती.”

संग्रह शरद ऋतूत निघाला. नाव, ‘कडी लावू नकोस’. मुखपृष्ठावर पंचवीस वर्षांच्या व्हर्लीनबाई. एका समीक्षकानं चौदाव्या गाण्याबद्दल लिहिलं की असा हंबरडा स्त्रीच्याच गळ्यातून येऊ शकतो. पुढच्या रविवारी रेव्हरंड मेब्रींनी सैतानी संगीतावर नेहमीचं प्रवचन दिलं. व्हर्लीनबाई पहिल्या रांगेत होत्या.

मेम्फिसमध्ये पहिल्या महिन्यात अकरा प्रती खपल्या. त्यांतल्या आठ रेव्हरंड मेब्रींनी नेल्या.