वांग्यांच्या वाफ्यातला थांबा

कामठ्याच्या दुधरामांनी निवृत्तीनंतर परसबागेत सेलवर चालणारी छोटी रेल्वे उभारली होती. रूळ, पूल, स्टेशन, सगळं त्यांच्या हातचं. पण गेले चार दिवस गाडी रोज सकाळी भलत्याच जागी थांबत होती, वांग्यांच्या वाफ्यापाशी. मिनिटभरानं ती आपोआप निघे आणि वाफ्यातली कोवळी रोपं तुडवलेली दिसत.

त्यांनी तारा बदलल्या, रूळ उखडून पुन्हा बसवले. पाचव्या दिवशी संतापून त्यांनी इंजिनातले सेलच काढून खिशात टाकले. तरी गाडी आली आणि तिथंच थांबली.

"इथं टेसन नाही!" दुधराम काठी आपटत ओरडले. "माझे रोपं कायले तुडवून राहिले?"

"कोनाशी भांडून राहिले जी?" ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या त्यांच्या बायकोनं, शांतीबाईनं विचारलं.

एवढ्यात रुळाजवळचं एक रोप आडवं झालं. मग दुसरं. मग तिसरं, ओसरीच्या दिशेनं. दुधराम वाट अडवून उभे राहिले. चौथं रोप त्यांच्या पायाशी वाकलं आणि पुढचं हललंच नाही.

तोच समोर रुळाच्या कडेची दहा-बारा रोपं एकदम आडवी झाली.

गाडी अजून सुटली नव्हती.