बांधलेल्या गावातली पेटी

"पेटी अशी बांध, सत्यशीला, की निकाल गावातल्या गावात सांगता आला पाहिजे. शहरात पाठवलेला कागद रानात परत येत नाही."

गावोगाव रक्त तपासत फिरणाऱ्या डॉक्टरबाईंचं हे बोलणं सत्यशीलाच्या कानात होतं, आणि समोर पेटी मुकी पडली होती.

मूल गावातल्या आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या खोलीत तिनं ती तीन महिने राबून बांधली होती. भंगारातून आणलेली लष्कराची जाड पत्र्याची पेटी. आत मुंबईहून मागवलेला, तीनशे शहाऐंशी जातीचा कॉम्प्युटर. एकोणनव्वद साल होतं. तसला कॉम्प्युटर मोठमोठ्या कचेऱ्यांतही पाहायला मिळत नव्हता. हादरे लागू नयेत म्हणून डिस्क सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगलेली. झाकणात वीतभर हिरवा पडदा. धूळ, मुंग्या, पाणी काही शिरू नये म्हणून आतल्या पत्र्याला रबर लावून चौदा स्क्रू गच्च आवळलेले.

काल जीप तिला, पेटीला आणि एका बॅटरीला या गावात सोडून गेली होती. रात्री गावासमोर तिनं बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा कोराच. नाल्यातल्या दगडांवर जीप आदळली, तेव्हाच आतलं कार्ड खाचेतून उचकलं असणार. उघडायचं, दाबायचं, झालं. उजाडताच तिनं पेचकस काढलं.

"ठेव ते, बाई."

झिंगू दारात उभा होता. गावाची पूजा त्याच्याकडे. "आज गाव बांधलं आहे. लोखंड चालत नाई."

रोगराई बाहेर राहावी म्हणून त्यानं पहाटेच शिवेभोवती सूत फिरवलं होतं. उद्याचं ऊन निघेपर्यंत आतल्यानं बाहेर जायचं नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही. चूल नाही, कुऱ्हाड नाही, विळा नाही. पोरं रातचा गार भात खात बसली होती.

"आजा, हे का कुऱ्हाड आहे? बोटाएवढं तर आहे."

"लोखंड बोटाएवढं असो का हाताएवढं."

सत्यशीलानं पेचकस पिशवीत टाकलं. तिची आई दर पौर्णिमेला अष्टशीलाचे आठ नेम पाळायची. नेम मोडायला लावणाऱ्या माणसाकडे ती कशी बघते, ते तिनं पाहिलं होतं. तिनं नखानं स्क्रू फिरवून पाहिला. नख तुटलं. बांबूची चीप लावली. चीप मोडली. आपणच आवळलेल्या पेटीपुढे ती हात बांधून बसली. गाव सोडून जायचीही सोय नव्हती.

झिंगूची सून केसरबाई सकाळपासून तिच्याजवळून हलली नव्हती. केसरबाईची दोन पोरं सिकल या आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारानं गेली होती. सांधे धरून रडत रडत गेली. उरली एक गुलाब. ती झिंगूच्या बहिणीच्या नातवाला, लच्छूला द्यायची होती. मागच्या हप्त्यात दोघांचंही रक्त तपासलं होतं. आकडे पेटीत होते, वही डॉक्टरबाईंसोबत दोन नद्यांपलीकडे. दोघांच्याही रक्तात सिकल असेल, तर त्यांच्या लेकरांना तोच आजार होण्याची भीती होती. आणि लच्छूच्या घरचे पाहुणे आजच यायचे होते. त्यांनी एकदा पोरीला कुंकू लावलं, की सोयरीक पक्की. मग मागे फिरणं नाही.

दुपारी पाहुणे शिवेवर आलेच. चार माणसं, एकाच्या खांद्यावर नवं लुगडं. त्यांनी सूत पाहिलं, तिथूनच हात जोडले आणि परत फिरले.

"उद्या उन्हासंगच येतीन," केसरबाई म्हणाली. मग एकदम सासऱ्याकडे वळली. "मामाजी, तांबा चालते का?"

झिंगू म्हणाला, "तांब्याले बंदी नाई."

केसरबाईनं गळ्यातला दोरा दातानं तोडला. त्यातला झिजून पातळ झालेला तांब्याचा पैसा सत्यशीलाच्या हातावर ठेवला.

पैशाची कड स्क्रूच्या खाचेत बसली. अंगठा सोलला, पैसा वाकला, उलटा धरून पुन्हा लावला. ऊन मोहाच्या झाडाखाली उतरलं तेव्हा चौदावा स्क्रू निघाला. तिनं कार्ड दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

"पाह्य वो," गुलाब हसली, "मशीनले माहं नाव लिवता येते, मलेच येत नाई."

सत्यशीलानं आकडे वाचले. पुन्हा वाचले.

"दोघायच्याही रक्तात आहे."

गुलाबचं हसू तिथंच राहिलं. केसरबाई रडली नाही. पडदा विझेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिली. "माह्या गेलेल्या दोन लेकरायच्या वक्ती," ती म्हणाली, "मले कोणी सांगतलं नवतं."

दुसऱ्या दिवशी ऊन निघताना झिंगू शिवेवर सूत गुंडाळत होता. सत्यशीला जवळ जाऊन उभी राहिली. रात्रभराचा राग तिच्या तोंडात होता.

"आजा, दर साली नेमकं याच दिवशी बांधता का गाव?"

"नाई. पेरणीच्या आंधी बांधतो."

तिनं बांधीकडे पाहिलं. धान कापून झालं होतं. नुसती खुंटं उभी होती.

"मंग काल काऊन बांधलं?"

"घरी आलेल्या पाव्हण्याले नाई म्हणता येत नाई, बाई. बांधलेल्या गावाले मातर कोणी काऊन म्हणून इचारत नाई. तुले एक दिवस पाहिजे होता."

सत्यशीलानं सोललेला अंगठा पुढं केला. "मंग लोखंड तरी चालू द्याचं होतं!"

"बांधलं म्हणजे खरंच बांधा लागते. रोग बाहेर ठेवाले बांधतो ना गाव?" झिंगूनं सुताचा गुंडा तिच्या हाती दिला. "धाकट्या नातवाले माती देताना मी सुनेले बोल देल्ला होता, का गुलाबच्या पोटी हे येऊ देणार नाई. बहिणीले बी शब्द देल्ला आहे. तो पाव्हणे निघाच्या आंधी वापस घ्या लागन."

त्यानं वहाणा झटकून पायात घातल्या, आणि मागं न पाहता बहिणीच्या गावची वाट धरली.